वारंगुळ्यावर दिलेल्या गोळ्या

दादा, तुमच्यावर लिहायला बसले आणि पहिली अडचण आली ती नावाची. गेलेल्या माणसावर लिहिताना त्याचं नाव वर ठळक घालतात, खाली गाव लिहितात, मिळाला तर फोटो लावतात. मला यातलं काहीच करता येणार नाही. तुम्हीच म्हणाला होतात, "ताई, बाकी काय बी करा, पन माझं नाव आन् ह्यो रोग एका वळीत ल्हिऊ नगा." मी शब्द दिला होता. म्हणून इथं तुम्ही नुसते दादा. बराकीतही तुम्हाला सगळे नुसतं दादाच म्हणायचे, तेव्हा ओळखणारे ओळखतील. असे कितीसे उरलेत म्हणा.

वहिनींचा फोन आला तो भोरच्या एसटी स्टँडवरून. मागं कंडक्टरची शिट्टी ऐकू येत होती. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, ह्ये गेलं." मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. रिसीव्हर ठेवला तेव्हा समोरच्या खुर्चीत पुढचा माणूस येऊन बसला होता, हातात तपासणीचा कागद घेऊन. त्याच्याशी मी नेहमीसारखीच बोलले. संध्याकाळी खोलीवरच्या मैत्रिणीनं विचारलं, चेहरा असा का, कोण गेलं? मी म्हणाले, कामावरचे एक. तिला वाटलं, ऑफिसातले कुणी साहेब असतील. माझ्या कामात माणूस गेला तर रडायचंसुद्धा नाव न घेता, आणि नाव न घेता फार वेळ रडता येत नाही.

मी वेल्ह्याकडची, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतली. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. भोरच्या कॉलेजात पदवी झाली, पुण्यात समाजकार्याचं शिक्षण झालं आणि एका संस्थेत समुपदेशक म्हणून लागले. काम काय, तर आठवड्यातून एकदा शहरातल्या मोठ्या तुरुंगात जायचं, कैद्यांना एचआयव्हीची माहिती द्यायची, ज्यांना लागण झाली आहे त्यांच्याशी बोलायचं; बाकीचे दिवस सरकारी इस्पितळात बसून हेच काम. आईला मी सांगितलं होतं, तुरुंगात शिकवते. खोटं नव्हतं ते. माझ्यासाठी आलेलं एक स्थळ मात्र एवढ्यावरच परत गेलं. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं झालं. तुरुंगाला भिनारा मानूस संसार काय करनार?"

पहिल्या दिवशीचं भाषण मी पाठ करून आले होते. 'असुरक्षित लैंगिक संबंध' असं म्हटलं आणि मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं, मग सगळेच खोकायला लागले. माझे कान तापले. तेव्हा तुम्ही उभे राहिलात. हडकुळे, उंच, डोक्यावर टोपी. मला विचारलंत, "ताई, तुमी कुटल्या?" मी वेल्हे म्हणाले. "मंग आपल्यावानी बोला की. हितं संबंध कुनी म्हनत न्हाई." बराक हसली आणि त्या हसण्यात माझी भीती गेली. मग तुमच्यातला हिर्डोशीकडचा माणूस जागा झाला. म्हणालात, वेल्ह्याला एसटी जाते खरी, पण परत यायला विसरते, ह्या ताई शिकल्या तर चालतच शिकल्या असतील. तुमच्या गावाला तरी कुठं दर तासाला गाडी होती? पण मी तेव्हा नवी होते, उलट बोलायचं सुचलं नाही. पुढं सुचायला लागलं.

त्या दिवशी उरलेलं तुम्हीच बोललात. एका ब्लेडनं सगळी रांग दाढी करते ते, शिवणाच्या सुईनं एकमेकांच्या दंडावर देवाचं नाव गोंदतात ते, आणि अंधारात होतं ते. शेजारी उभे असलेले अधिकारी म्हणाले, आमच्याकडं असले प्रकार होत नाहीत. निरोध आत वाटायला परवानगी मिळत नव्हती ती याच कारणानं. वाटले तर असं काही होतं हे मान्य केल्यासारखं झालं असतं. तुम्ही साहेबांना नमस्कार केलात आणि हळूच म्हणालात, "व्हय साहेब. जे हितं होतच न्हाई, त्येचा रोग मातुर हितंच होतो." साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्या वादात आपण दोघं शेवटपर्यंत हरलेलेच राहिलो. निरोध आत आले नाहीत. ब्लेडचं तेवढं जमलं. एकाची दाढी झाली की तुम्ही न्हाव्याच्या हातातून ब्लेड काढून घ्यायचात आणि दोन तुकडे करून टाकायचात. तो न्हावी माझ्याकडं तक्रार करायचा, दादा आल्यापासून माझं दुकान बुडालं.

तुम्हाला स्वतःला लागण कुठून झाली हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. बांधाच्या भांडणात तुमच्या हातून चुलतभाऊ गेला, त्याची शिक्षा भोगायला तुम्ही आत आलात. त्याआधी काही वर्षं ट्रकवर होतात. क्षयानं तुरुंगाच्या दवाखान्यात पडलात तेव्हा रक्त तपासलं. वहिनी भेटीला आल्या तेव्हा जाळीपलीकडून तुम्ही स्वतः त्यांना सांगितलंत आणि भोरला जाऊन रक्त तपासून घ्यायला लावलंत. त्यांना लागण नव्हती. हे कळलं त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. म्हणालात, भूक आनंदानंबी जाती.

मग सरकारी इस्पितळात एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या आणि तुमचं नाव लागलं. मी तुम्हाला बसवून समजावलं होतं. सकाळी एक, संध्याकाळी एक, जन्मभर. खंड पडला तर आतला विषाणू गोळीला ओळखायला लागतो, मग ती गोळी त्याचं काही करू शकत नाही. आणि ही थकली तर पुढची गोळी तेव्हा सरकारात नव्हती. तुम्ही मान डोलवलीत. सकाळची गोळी बराक उघडल्यावर आणि संध्याकाळची बंदीच्या आधी, कैद्यांना कोंडतात त्या वेळेला, असं ठरवलंत. महिन्याच्या गोळ्यांची पांढरी डबी कायम उशाशी. काही महिन्यांत तुमच्या गालांवर मांस आलं. माझ्या हातून कुणाचं इतकं भलं पहिल्यांदाच होत होतं. त्या दिवसांत मी बसमधून घरी जाताना उगीच हसायची.

दवाखान्याच्या बराकीत कच्चे कैदी, पक्के कैदी, सगळे एकत्र असायचे. खटला चालू असलेला तो कच्चा, शिक्षा झालेला तो पक्का. आजारी माणसाच्या जवळ कुणी जायचं नाही. जेवणाचं ताट पायानं सरकवायचे. ते तुम्ही बदललंत, आणि बदललंत ते आपल्याकडच्या रीतीनं. भातलावणीला मजूर कुणाला परवडतात? आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या, हा वारंगुळा. ज्याचं शेत चिखलावर आलं, म्हणजे लावणीला तयार झालं, त्याचं आधी. तुम्ही बराकीत तोच लावलात. ज्याला चालता येतं त्यानं ज्याला येत नाही त्याचं करायचं. उद्या उलट झालं तर उलट. पाणी भरून देणं, कपडे धुणं, अंग पुसणं. मी माझ्या अहवालात त्याला 'समवयस्क सहाय्य गट' असं नाव दिलं होतं. तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "एवढं मोठं नाव? न्हेनार कोन उचलून?"

रशीद त्याच सुमाराला आला. हेही त्याचं खरं नाव नाही. हायवेवरच्या कापूरहोळच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारायचा. मारामारीच्या खटल्यात कच्चा कैदी. आला तेव्हा उठून बसवत नव्हतं, तोंड आतून सोललेलं, जेवण जायचं नाही. तुम्ही त्याला भाताची पेज चमच्यानं पाजलीत. तो जरा बोलायला लागल्यावर तुमची भांडणं मी ऐकली आहेत. तो म्हणायचा, दादा, तुम्ही डोंगरातली माणसं, गाडी दिसली की दगड मारता. तुम्ही म्हणायचात, तुमी हायवेची मानसं, दगड दिसला की त्येलाबी रंग मारता.

त्याच्याही गोळ्या सुरू झाल्या. पण कैद्याला इस्पितळात न्यायचं तर सोबत पोलिसांची गार्ड लागते, आणि बाहेर बंदोबस्त लागला की गार्ड मिळत नाही. रशीदचा महिना संपला, गार्ड आली नाही. पुढच्या आठवड्यातही आली नाही.

आणि तुम्ही गोळ्या वारंगुळ्यावर दिल्यात.

मला कळलं ते रशीदकडूनच. एका भेटीत तो सहज म्हणाला, "मॅडम, दादांच्या गोळ्या कधी परत करायच्या ते सांगा. ते म्हणतात, आता नको, माझं शेत चिखलावर आल्यावर दे." मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. आधी रोजच्या दोनांतली एक तुम्ही त्याला देत होतात. मग त्याला खंड पडायला नको म्हणून दोन्ही. गार्ड मिळून त्याच्या गोळ्या आल्या, तोवर दुसऱ्या एकाच्या संपल्या होत्या. मग त्याला. बराकीत तो नियमच होऊन बसला होता आणि तुम्हाला आणि त्यांना वाटत होतं की सगळं चोख चाललंय. कुणाचा दिवस कुणाकडं आहे हे प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

मी तुमच्यावर ओरडले. आयुष्यात वडीलधाऱ्या माणसावर इतकं कधी ओरडले नव्हते. म्हणाले, खंड पडू द्यायचा नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं?

"म्हाईत हुतं की. म्हनूनच त्येचा पडू दिला न्हाई."

"आणि तुमचा?"

"माझं बरं चाललं हुतं, ताई. माझी लावनी उरकली हुती. त्येचं आत्ता चिखलावर आलं हुतं."

"दादा, गोळी म्हणजे लावणीचा दिवस नाही. उद्या त्यानं परत दिली तरी तुमची कालची भरून येत नाही."

तुम्ही टोपी हातात फिरवत विचारलंत, "आसंल. तुमचं शिक्शन हाय. पन म्या डबी उशाला घिऊन झोपायचं आन् त्येनं शेजारी तसंच? तुमी काय केलं आसतं?"

मी म्हणाले, तुम्ही मला निरोप द्यायला हवा होता, मी अधिकाऱ्यांकडं गेले असते. "आन् गार्ड यीस्तवर?" तुम्ही विचारलंत. तेवढ्यात घंटा झाली, मला बाहेर पडावं लागलं. पुढं आपण हा वाद किती वेळा काढला आणि किती वेळा अर्धवट सोडला. 'गार्ड येईपर्यंत' याच्यापुढं तो कधी गेला नाही. दादा, अजूनही मी बसमध्ये खिडकीशी बसून तुम्हाला उत्तरं देते. एकही पुरं होत नाही. गोळीचं मी सांगितलं ते खरंच होतं. तुमचं माणसाचं होतं, तेही खोटं म्हणता येत नाही.

एक मात्र झालं आणि ते तुमच्यामुळं झालं. त्या प्रकरणानंतर तुरुंगाचे डॉक्टर आणि मी मिळून वरिष्ठांना भेटलो, आणि दवाखान्याच्या कपाटात जास्तीच्या गोळ्या ठेवायची परवानगी मिळाली. गार्ड आली नाही तरी आता कुणाला कुणाकडं मागावं लागत नाही. ज्या दिवशी ते कपाट भरलं त्या दिवशी मी तुम्हाला दाखवायला नेलं. तुम्ही कुलपाला हात लावून म्हणालात, "आता मला काम काय ऱ्हायलं?" मी हसले. तुम्ही हसला नव्हतात, हे नंतर लक्षात आलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर तुम्ही खंगायला लागलात. इस्पितळातल्या डॉक्टरांनी रक्त पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, गोळी लागू पडत नाही. दुसरी औषधं बाजारात होती, तुमच्या-माझ्या आवाक्याच्या बाहेर. मी ते तुम्हाला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तुम्ही एकच गोष्ट विचारलीत. माफीचे दिवस धरून सुटका उन्हाळ्यात होती; तोवर निभेल का? आणि मग, "एक लावनी घरची करायची हाय. मंग बगू." रशीदनं जामिनावर सुटण्याआधी विचारलं होतं, दादा, माझ्याकडचे दिवस? त्या खंडानं आपलं काय होणार हे ठाऊक असूनही तुम्ही त्याला म्हणालात, "हायती तुझ्याकं. ऱ्हाऊ देत."

तुम्ही सुटलात. वैशाखात मी एका रविवारी येऊन गेले. तुम्ही दारात घोंगडीवर बसून वहिनींना खालच्या खाचराचा बांध कुठं फुटलाय ते हातानं दाखवत होतात. गावात मी सरकारी दवाखान्यातली बाई होते. तुम्ही मला नाचणीची भाकरी खाऊ घातलीत आणि शेजाऱ्यांना सांगितलंत की ह्या वेल्ह्याच्या, एसटी चुकली म्हणून हिकडं आल्यात. दिवस कलला तेव्हा 'बंदीची वेळ झाली' म्हणत वहिनींकडून पाण्याचा तांब्या मागून गोळी घेतलीत. निघताना म्हणालात, रोप टाकायचं ठरलंय, लावणीला या. रोप टाकलं गेलं. ते हातभर व्हायच्या आत तुम्ही गेलात.

दहाव्याला मी आले नाही. कोण म्हणून येणार होते?

रशीद इस्पितळात गोळ्या न्यायला आला तेव्हा त्यानं नेहमीप्रमाणे तुमची खबर विचारली. मी सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्याची तब्येत आता चांगली आहे, दादा, अंगावर गॅरेजचे रंगाचे डाग असतात. मग त्यानं विचारलं, "तिकडं लावणी कधी असते, मॅडम?"

परवा रविवारी मी तुमच्याकडं आले. हिर्डोशीला उतरून चालत. तुमच्या खालच्या खाचरात प्लॅस्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका ओणव्या होत्या आणि त्यांच्या टोकाला एक माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्याची रोपं मागं पाण्यावर तरंगत होती. बायका हसून हसून बेजार झाल्या होत्या. एक म्हणाली, पाव्हनं, भात लावताय का पानी शिपडताय?

वहिनी बांधावर आल्या. मला विचारलं, "तुमच्या संगट हाय का ह्यो?" मी नाही म्हणाले. "सकाळच्या गाडीनं उतारला. म्हनला, दादांचं माझ्याकं दिवस हायती, फेडाया आलोय. आमच्या मानसानं इतकी वर्सं ह्या खाचरात पाय न्हाई ठिवला, ताई. त्येनं कुनाला दिवस दिलं?"

मला सगळं ठाऊक होतं आणि यातलं काहीच माझं नव्हतं. तुमच्या डबीतल्या गोळ्या कुणाच्या पोटात गेल्या, खाचरात उभा असलेला माणूस कशानं उभा आहे, हे सांगायचा हक्क तुमचा होता, किंवा त्याचा. मी मान खाली घातली. वहिनींनी माझ्याकडं बघितलं.

"तुमाला म्हाईत दिसतंय. नगा सांगू. दिवस फेडाया आल्यालं मानूस परत लावत न्हाईत." आणि त्या खाचरात उतरल्या. रशीदच्या हातातलं रोप घेतलं, अंगठ्यानं चिखलात कसं दाबायचं ते दाखवलं, मग त्याचा हात धरून दोन-चार वेळा त्याच्याकडून दाबून घेतलं. मीही पदर खोचला. खूप वर्षांनी चिखलात पाय घातला. तुमच्या खाचरातला चिखल आमच्यासारखाच आहे, दादा. रोप दाबलं की तसाच आवाज येतो.

दिवस कलायला लागला. एकदम रशीद ताठ उभा राहिला, हात पाण्यात खंगाळले आणि बांधावर जाऊन पिशवी उघडली. बाहेर येऊन इतके महिने झाले तरी त्याची संध्याकाळची गोळी अजून बंदीच्याच वेळेला असते. ती वेळ तुम्ही ठरवून दिली होती. त्यानं आमच्याकडं पाठ केली आणि पांढरी डबी काढली.

वहिनी बांधावर तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डबी पाहिली. तसली एक त्यांच्या घरात फळीवर अजून आहे. त्या बघत राहिल्या, डबीकडं, मग त्याच्याकडं, मग त्यानं लावलेल्या वेड्यावाकड्या वळीकडं. पुढं होऊन त्यांनी तांब्या त्याच्यासमोर धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "बंदीची वेळ झाली."